लॅक्स्टनचं ऐकून घ्या: ब्रिटनच्या स्थानिक शासन मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

नॉटिंगहॅमशरमधल्या लॅक्स्टन अँड मूरहाउस या सिव्हिल पॅरिशबद्दल (स्थानिक कारभाराचा इथला सर्वांत खालचा, गावपातळीचा घटक) हे पत्र आहे. मराठीत लिहितोय, कारण कॉमनवेल्थ नागरिक म्हणून इथे मतदान करणाऱ्या आमच्या माणसांनीही खेड्यांच्या कौन्सिलांकडे लक्ष द्यावं, असं मला वाटतं.

डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेत आपल्या सरकारने जिल्हा कौन्सिलं मोडून एकाच थराची मोठी कौन्सिलं आणायचं ठरवलं. त्यासाठी धरलेला आकडा आहे साधारण पाच लाख लोकवस्तीचा. काउंटी आणि जिल्हा अशा दोन थरांत सामान्य माणसाची फरफट होते, हे मला मान्य आहे. पण लॅक्स्टनची वस्ती काही शेंची. पाच लाखांच्या कारभारात तिचं म्हणणं कोण ऐकणार?

हे गाव साधं नाही. संसदेच्या कायद्यांनी इंग्लंडभर मोकळ्या शिवारांना कुंपणं पडली, तरी लॅक्स्टनची सामाईक पद्धत टिकली. वेस्ट फील्ड, मिल फील्ड, साउथ फील्ड अशी तीन मोठी शिवारं, त्यांत शेतकऱ्यांचे विखुरलेले पट्टे आणि तीन वर्षांची फेरपालट: एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातला पेरा, तिसरं पडीक. १६३५ साली मार्क पियर्सने काढलेला गावाचा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यातली ही शिवारं आजही ओळखता येतात.

हे सगळं चालवतं कोण? गावच. दरवर्षी नेमलेले पंच हिवाळ्याच्या तोंडाला गव्हाच्या शिवारात फिरतात, हद्दीच्या खुंट्या ठोकतात. कुणी नांगर पुढे रेटून सामाईक गवती पट्टा खाल्ला असेल, तर त्याला दंड होतो. बांध कोरणं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे त्यावरून पिढ्यान् पिढ्या कोर्टकचेऱ्या चालतात; इथे डव्हकोट इन या पबमध्ये भरणारं ‘कोर्ट लीट’ हे गावचं जुनं न्यायालय ते मिटवतं. १९७७ च्या कायद्याने अशा जुन्या न्यायसभांचे अधिकार काढून घेतले, तेव्हा लॅक्स्टनला मुद्दाम वगळलं. म्हणजे एका खेड्यासाठी कायद्यात जागा करता येते, हे आपल्याच संसदेने दाखवून दिलं आहे.

जमिनीची बहुतेक मालकी मात्र गावाच्या हातात नाही. १९५२ मध्ये ती कृषी मंत्रालयाने विकत घेतली, १९८१ मध्ये राजसत्तेच्या नावावरच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या क्राउन इस्टेटकडे गेली आणि २०२० मध्ये थोर्सबी इस्टेट या खासगी जमीनदारीकडे. मालक बदलत राहिले, शिवारं गावाने सांभाळली. म्हणून मला मालकीपेक्षा कारभाराची काळजी जास्त वाटते.

आज पॅरिश कौन्सिलला बांधकामाच्या अर्जावर मत देता येतं, निर्णय वरच्या कौन्सिलचा असतो. हे मत एका ओळीत बाजूला सारता येतं. नव्या मोठ्या कौन्सिलने ते फेटाळलं, तर मुद्देसूद लेखी कारण देण्याची सक्ती करा. ज्या शिवाराचं मोल त्याच्या मोकळेपणात आहे, तिथे कडेला उभी राहिलेली एक चुकीची इमारतही पुन्हा हटवता येत नाही.

दुसरी भीती पैशाची. जिल्हा कौन्सिल जाताना हिरवळी, स्वच्छतागृहं, दफनभूमीची देखभाल खाली ढकलली जाईल आणि पॅरिशला आपली करपट्टी वाढवून ती भागवावी लागेल. छोट्या गावात ही वाढ मोजक्या घरांवर पडते. काम सोपवाल, तर निधीही त्याच आदेशात द्या.

भारतात त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामपंचायतीला आणि ग्रामसभेला संविधानात स्थान दिलं. आमच्याकडेही पैसा आणि अधिकार पुरेसे खाली पोचलेले नाहीत, पण सरकारला वाटलं म्हणून पंचायतच नको, असं म्हणता येत नाही. इंग्लंडमध्ये १८९४ पासून पॅरिश कौन्सिलं आहेत. तरी त्यांना असं कवच नाही.

मार्च ते मे या काळात प्रत्येक पॅरिशची वार्षिक सभा होते आणि तिथे मतदार थेट बोलतात. नॉटिंगहॅमशरच्या नव्या रचनेवर शेवटची सही करण्याआधी आपल्या अधिकाऱ्यांना लॅक्स्टनच्या सभेला पाठवा आणि तिथे मांडलेल्या मुद्द्यांना लेखी उत्तर द्या.

आपला विश्वासू,
नॉटिंगहॅमशरमधला एक मराठी मतदार