४० अध्याय मागे

एर्फुर्ट, जर्मनी
रविवार रात्र

प्रिय आई,
सप्रेम सलाम.

परवा फोनवर तू विचारलंस, "वाचन चालू आहे ना?" मी "हो" म्हणाले. ते अर्धंच खरं होतं. बाकीचं अर्धं लिहिते, कारण फोनवर बाबा मध्येच थंडी किती आहे ते विचारतात आणि बोलणं राहून जातं.

तू दिलेला तक्ता कपाटाच्या दारावर लावला होता. रोज तीन अध्याय, रविवारी पाच, म्हणजे पवित्र शास्त्राचे ११८९ अध्याय वर्षात पुरे. जानेवारीअखेर नेहमीसारखी लेवीयाच्या पुस्तकात पोचले आणि नेमकी बारा दिवस रात्रपाळी लागली. ४० अध्याय मागे! खरं सांगू, मला भीती वाटायची गं. वॉर्डात एखाद्या आजोबांची तब्येत बिघडली की मनात यायचं, आज वाचलं नाही म्हणून. मांजर आडवं गेलं म्हणून थांबणाऱ्यांना आपण हसतो, आणि मी तेच पवित्र शास्त्र हातात घेऊन करत होते.

इथे ऑगस्टिनियन मठ आहे. पुढे धर्मसुधारक झालेला मार्टिन ल्यूथर १५०५ साली इथेच दाखल झाला. उपास, जागरणं, सगळं करायचा. पापांची कबुली देऊन आला की आणखी एक पाप आठवायचं. त्या माणसाचा पुढे पौलाच्या गलतीकरांस पत्रावर इतका जीव जडला की तो त्याला आपल्या बायकोच्या नावाने, माझी केटी, म्हणायचा. (बाबांना सांग, हसतील.)

म्हणून तेच पत्र उघडलं. तक्त्याप्रमाणे ते नोव्हेंबरअखेर येतं! सहाच अध्याय, पत्रासारखे एका बैठकीत वाचले. मग महिनाभर तेच, रोज थोडं थोडं, वहीत प्रश्न लिहीत. पौल एवढा का चिडलाय? थेट "बुद्धिहीन गलतीकरांनो" म्हणतो. चौथ्या अध्यायात कळलं: ते लोक दिवस, महिने, ऋतू, वर्षं पाळायला लागले होते. मी मान वर करून कपाटाच्या दाराकडे पाहिलं.

दर गुरुवारी केरळची एक सिस्टर आणि मी मिळून वाचतो. योहानाच्या शुभवर्तमानात, आठव्या अध्यायात, सत्य तुम्हांला "बंधमुक्त" करील असं आपल्याकडे आहे, जर्मनमध्ये नुसतं "फ्राय". इथे सुट्टी असली तरी "आज मी फ्राय" म्हणतात. मला आपला शब्द आवडतो, त्यात सुटलेली गाठ दिसते. पण त्याच्या आधीची अट शब्बाथशाळेत पाठ करताना माझ्या लक्षातच आली नव्हती: वचनात राहिलात तर. राहायचं, मोजायचं नाही.

परवा मंगळवारी वाचलं नाही, सरळ झोपले. उठल्यावर कसलीच धाकधूक नव्हती. वॉर्डातले एक आजोबा रोज शिव्या देतात. पूर्वी त्यांचं करताना वाटायचं, कुणीतरी वर हिशेब लिहितंय. आता त्यांची दाढी करताना त्यांच्याशी बोलते. ते अजून शिव्या देतातच.

तक्ता टाकला नाही हं. घडी करून लेवीयापाशी ठेवलाय, तिथेही जाईन.

पत्राच्या शेवटी पौल लिहितो, बघा, मी किती मोठ्या अक्षरांत स्वतःच्या हाताने लिहितोय. तुझ्या मागच्या पत्रातली अक्षरंही मोठी झाली आहेत. मोतीबिंदू असेल, डोळे दाखवून घे. बाबांना सोबत ने.

तुझी,
मोठी