म्युनिक की झुरिक: मुक्तास पत्र

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन तू ठेवलास की लाइन गेली, कळलं नाही. बाबा म्हणतात लाइनच गेली. असो. शुक्रवारपर्यंत तुला दोन्हीकडे कळवायचंय, म्हणून नोकरीच्या दोन्ही ऑफर पुन्हा वाचून काढल्या आणि फोनवर राहिलेलं लिहून पाठवते आहे. आजारपणाचा विषय काढायचा नाही, असं ठरवूनच बसले आहे.

म्युनिकचे वर्षाला 70,000 युरो आणि झुरिकचे 1,10,000 फ्रँक. दादाच्या मते इथेच विषय संपला. पण हे कापण्याआधीचे आकडे आहेत. जर्मनीत तू एकटी, म्हणजे पहिला करवर्ग. 2025 च्या दरांनी पेन्शनचे 9.3 टक्के, बेकारी विम्याचे 1.3, आरोग्य विम्याचे साडेआठच्या आसपास आणि शुश्रूषा विम्याचे (म्हातारपणी किंवा अपंगत्वात देखभाल लागली तर), मूल नसल्यामुळे, 2.4 टक्के जातील. शेवटचे दोन 2025 मध्ये 66,150 युरोंपर्यंतच्याच पगारावर लागत होते. मग आयकर. हातात महिन्याला साधारण 3,500 युरो. पत्ता नोंदवताना धर्माचा रकाना नीट बघून भर. तिथे चुकून चर्चची नोंद झाली, तर बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, आयकराच्या वर त्याच्या 8 टक्के चर्चकर लागतो.

झुरिकला सक्तीची कपात कमी आहे. सरकारी पेन्शन आणि बेकारी विमा मिळून 6.4 टक्के, कंपनीच्या पेन्शन फंडाचा तुझा वाटा, अपघात विम्याचं थोडंसं, आणि पगारातूनच कापला जाणारा कर, तो तुझ्या पगाराला बारा टक्क्यांच्या आसपास. हातात महिन्याला 7,000 च्या पुढेमागे. मात्र हे 1,10,000 बाराने भागायचे की तेराने, ते विचारून घे. तिथे तेरावा पगार डिसेंबरात देण्याची पद्धत आहे. तसं असेल तर दरमहा साडेसहा हजारच दिसतील आणि भाड्याचं गणित त्यावरच करावं लागेल. शिवाय यातून आरोग्य विमा कापलेला नसतो. तो स्वतः घ्यायचा, झुरिक शहरात साधारण 450 ते 550 फ्रँक महिना.

आता घर. म्युनिकला एका माणसाचं नीट घर हीटिंग धरून 1,300 ते 1,600 युरो. जाहिरातीतला ‘काल्टमीटं’ म्हणजे हीटिंग वगळून भाडं, तो आकडा बघून हुरळू नकोस. आणि स्वयंपाकघर आहे का ते विचार. जर्मनीत पुष्कळदा ओटा, सिंक, शेगडी यातलं काहीच नसतं, भिंतीतून नुसते नळाचे पाइप बाहेर आलेले असतात. आधीच्या भाडेकरूकडून ते सामान विकत घ्यावं लागतं, नाहीतर सगळं नव्याने. झुरिकला स्वयंपाकघर असतं, घरच मिळत नाही. 2024 साली त्या शहरात रिकामी घरं 0.07 टक्के होती. 2,000 ते 2,300 फ्रँक धरून चाल आणि देणी थकलेली नाहीत याचा सरकारी उतारा आधीच काढून ठेव. त्याशिवाय घरमालक अर्ज बघतही नाहीत. अनामत दोन्हीकडे जास्तीत जास्त तीन महिन्यांची.

भाजीपाला, प्रवास, फोन, कधीमधी बाहेर खाणं हे सगळं धरून मी मांडलं, तर म्युनिकला महिन्याला हजार-बाराशे युरो उरतील, झुरिकला अडीच ते तीन हजार फ्रँक. म्हणजे पैशात झुरिक पुढे आहे, आणि बरंच पुढे आहे. हे मी रविवारीही नाकारत नव्हते. माझी काळजी वेगळी होती.

बघ, आलेच मी तिथे. तुझा दमा गेली चार वर्षं शांत आहे, मान्य. पण तिथे थंडी असते, आणि दोन्ही करारांत आजारपणाचा पगार फार वेगळा आहे. जर्मनीत नोकरीचे पहिले चार आठवडे झाले की आजारपणात सहा आठवडे पूर्ण पगार कंपनी देते. पुढे विमा संस्था, कापण्याआधीच्या पगाराच्या 70 टक्के, पण हातात पडणाऱ्याच्या 90 टक्क्यांपेक्षा जास्त नाही, एकाच आजाराला तीन वर्षांत, ते सहा आठवडे धरून, 78 आठवड्यांपर्यंत. स्वित्झर्लंडमध्ये कायद्याने पहिल्या वर्षी फक्त तीन आठवडे. बहुतेक चांगल्या कंपन्या वेगळा विमा काढून 80 टक्के पगार 720 दिवसांपर्यंत देतात, पण तो ऐच्छिक आहे. तुझ्या ऑफरमध्ये त्याचा एक शब्द नाही. मी दोनदा शोधला.

तिथला मूळ आरोग्य विमा दम्यामुळे कोणी नाकारू शकत नाही, एवढं चांगलं आहे. पोहोचल्यापासून तीन महिन्यांत घ्यायचा. तीन महिने वाट बघून हप्ता वाचत नाही, तो पहिल्या दिवसापासूनच मोजतात. सुरुवातीचा खर्च आपण सोसायचा, त्याला ‘फ्रांशीझ’ म्हणतात: 300 पासून 2,500 फ्रँकपर्यंत. वर आणखी 10 टक्के, वर्षाला 700 पर्यंत. 2,500 घेतलीस तर हप्त्यात जास्तीत जास्त 1,540 वाचतात. काहीच झालं नाही तर तू तेवढ्याने पुढे. दवाखान्यात राहावं लागलं तर एकूण 660 ने मागे, पण तेव्हा 3,200 हाताशी हवेत. हिशेबाने 2,500 वाईट नाही. तरी पहिल्या वर्षी 300 घे. जानेवारीपासून बदलता येते.

म्युनिकला एकच सांगते. पगार ठरलेल्या मर्यादेच्या (2025 मध्ये 73,800) वर गेला की खाजगी विमेवाले मागे लागतील, तरुणपणी स्वस्त म्हणून. जाऊ नकोस. ते दम्याची चौकशी करतात, हप्ता वाढवतात किंवा नाकारतात, आणि पुढे सार्वजनिक विम्यात परत येणं अवघड होतं.

आणि परमिट. आपल्यासारख्या युरोपाबाहेरच्यांसाठी स्वित्झर्लंड वर्षाला 8,500 परवाने देतं आणि कायमचा रहिवास बहुधा दहा वर्षांनी. जर्मनीत ब्लू कार्डावर (शिकलेल्या परदेशी लोकांचा नोकरीचा परवाना) बी-1, म्हणजे मध्यम पातळीचं, जर्मन आलं तर 21 महिन्यांत. भाषेचा क्लास सोडू नकोस, तू कॉलेजातही फ्रेंच अर्धवट सोडलीस, आणि...

रागावू नकोस. हे भाषण झालं, कळतंय मला. सातवीत नेब्युलायझरचा मास्क लावून, मांडीवर वही घेऊन त्रैराशिकाची गणितं सोडवायचीस. वाफेने कागद ओला व्हायचा आणि शाई फुटायची. तीच मुलगी आज दोन देशांना थांबवून ठेवते आहे. बाबांनी तुझा मेल छापून मामीला दाखवला. मला ते बोलायला जमत नाही, मग मी विम्याचं बोलते.

झुरिकच घ्यायचं असेल तर घे. फक्त होकार देण्याआधी त्यांना मेलवर चार गोष्टी विचार. आजारपणाच्या पगाराचा विमा आहे का? किती दिवसांनी सुरू होतो? हप्ता कोण भरतं? आणि जुना आजार त्यातून वगळलेला आहे का? प्रोबेशन किती, तेही. त्या काळात तिथे आजारी माणसाला कामावरून काढायला बंदी नाही. ती नंतर लागते, पहिल्या वर्षी 30 दिवस. उत्तर लेखी आलं आणि बरं आलं, तर मी एक शब्द बोलणार नाही.

तुझी,
आई

ता. क. डॉक्टरांकडून इनहेलरची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावाने लिहून घे, ब्रँडच्या नको. आपले ब्रँड तिथे बहुधा मिळत नाहीत. महिन्याभराचा साठा हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही.