नाताळ आणि हनुक्का: दिव्यांतला फरकही सांगावा

महोदय,

डिसेंबर उजाडला की ख्रिस्ती लोकांचा नाताळ आणि ज्यूंचा हनुक्का या सणांवर एकत्र लिहिले जाते आणि ‘अंधारावर प्रकाशाचा विजय’ या एका वाक्यात दोन्हींची बोळवण होते. हे वाक्य खोटे नाही. परंतु या दोन परंपरा प्रकाशाकडे नेमक्या कशा पाहतात हे त्यात बाजूला राहते आणि हनुक्का म्हणजे ज्यूंचा नाताळ, ही चुकीची समजूत मात्र घट्ट होते.

हनुक्काचे मूळ इ.स.पू. १६४ मधले. सेल्युकिद या ग्रीक घराण्यातला राजा चौथा अँटिओकस याच्या आज्ञेने भ्रष्ट झालेले जेरुसलेमचे मंदिर यहुदा मक्काबी आणि त्याच्या साथीदारांनी परत मिळवले, शुद्ध केले आणि पुन्हा देवाला अर्पण केले. या लढ्याची हकिगत सांगणाऱ्या मक्काबींच्या पहिल्या ग्रंथात आठ दिवसांच्या उत्सवाचे वर्णन आहे. पण एका दिवसापुरते तेल आठ दिवस जळत राहिल्याची कथा त्यात नाही, ती कित्येक शतकांनंतर तालमुद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथात भेटते. लढाईतला जय मागे सरून शुद्ध तेलाची कुपी सणाच्या मध्यभागी यावी, यातच या परंपरेचा कल दिसतो, असे मला वाटते.

दिवे रोज एकेक वाढवायचे की आठांपासून कमी करत आणायचे, यावर शम्माय आणि हिलेल या ज्यू धर्मपंडितांच्या शिष्यांत मतभेद होता. पवित्र गोष्टींत वाढ करावी, घट करू नये, हा हिलेलपंथीयांचा दाखला मान्य झाला. चमत्कार जगाला कळावा म्हणून दिवे दारापाशी किंवा रस्त्याकडच्या खिडकीत ठेवायचे असतात; संकटाच्या काळात ते घरातल्या मेजावर ठेवले तरी चालतात. मात्र त्यांच्या उजेडात वाचायचे नाही, पैसे मोजायचे नाहीत, कसलेही काम करायचे नाही; ते नुसते पाहायचे असतात. म्हणून आठांच्या जोडीला ‘शामाश’ नावाचा नववा दिवा असतो, ज्याने बाकीचे दिवे लावतात आणि चुकून उजेड वापरला गेलाच तर तो त्याचा मानला जातो. ज्यू पंचांगातल्या किसलेव महिन्याच्या २५ तारखेपासूनचे हे आठ दिवस अमावास्येच्या आगेमागे येतात, म्हणजे रात्री जेव्हा सर्वांत काळ्या असतात तेव्हा.

ख्रिस्ती श्रद्धेत प्रकाश हा असा जपलेला दिवा नाही, तो स्वतः येशू आहे. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात येशूच्या जन्माची कथाच नाही. तेथे अंधारात प्रकाशणारा आणि अंधाराला न जिंकता आलेला प्रकाश आहे. त्यामुळे नाताळाआधीचे चार आठवडे वाट पाहण्याचे ठरतात. या आगमनकाळातल्या हिरव्या पानांच्या चक्रावर दर रविवारी एक मेणबत्ती वाढते. या प्रथेचा उगम योहान विखर्न या पाद्रींनी १८३९ मध्ये हॅम्बुर्गच्या बालगृहातील मुलांसाठी गाडीच्या चाकावर लावलेल्या मेणबत्त्यांत सांगितला जातो. पुढे २ फेब्रुवारीला चर्चमध्ये मेणबत्त्यांना आशीर्वाद दिला जातो, तो वृद्ध शिमोनाने बाळ येशूला हातांत घेऊन ‘राष्ट्रांना प्रकट होणारा प्रकाश’ म्हटले त्या प्रसंगाच्या स्मरणार्थ. हा प्रसंगही जेरुसलेमच्या मंदिरातच घडतो.

हे सगळे हिवाळ्यातल्या लहान दिवसांवरून आले, असा खुलासा काही जण करतात. ऋतूचा हात त्यात असेलही. शुभवर्तमानांत येशूच्या जन्माची तारीख नाही आणि २५ डिसेंबरची जुनी नोंद रोममधल्या ३५४ सालच्या एका संकलनात सापडते. पण ऑस्ट्रेलियात ऐन उन्हाळ्यात नाताळ येतो आणि तरी अंधारातल्या प्रकाशाचे तेच वचन वाचले जाते, याचे उत्तर केवळ ऋतूतून मिळत नाही.

दोन्ही सणांचा दुवा शोधायचाच असेल तर तो योहानाच्या दहाव्या अध्यायात आहे. मंदिराच्या पुनःसमर्पणाचा सण चालू होता, हिवाळा होता आणि येशू मंदिरात शलमोनाच्या देवडीत फिरत होता, असे तेथे म्हटले आहे. ज्यू असलेला येशू हनुक्काच्या दिवसांत मंदिरात दिसतो, हा उल्लेख आपल्या सणविषयक पुरवण्यांत क्वचितच येतो. येत्या वर्षअखेरीच्या अंकात या विषयाला जागा मिळाल्यास दोन्ही परंपरांच्या जाणकारांकडून स्वतंत्र लेख घ्यावेत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक