व्यवसाय कराची 7,500 ची मर्यादा आता तरी बदला

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मी साकीनाक्याला एका छोट्या कारखान्यात पगाराचं काम बघते. फेब्रुवारीचा पगार झाला की दरवर्षी पॅकिंगची दोन-तीन मुलं स्लिप घेऊन माझ्या टेबलाशी येतात, मॅडम या वेळी शंभर रुपये जास्त का कापले? मग सांगावं लागतं की तो पीटी आहे, व्यवसाय कर, अकरा महिने 200 आणि फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2,500, आणि तो कंपनी नाही, राज्य सरकार घेतं. त्यावर त्यांचा पुढचा प्रश्नही ठरलेला असतो, पीएफ कापला तर आपल्याच नावावर राहतो, ईएसआय कापला तर दवाखाना मिळतो, याचं काय मिळतं?

खरं तर हा कर चांगल्या कामासाठी आला होता. 1972 च्या दुष्काळानंतर रोजगार हमीला पैसा हवा होता म्हणून 1975 मध्ये कायदा झाला, शहरातल्या पगारदाराने गावाकडच्या मजुरासाठी थोडं द्यायचं. माझी आजी सांगोल्याकडे रोहयोच्या पाझर तलावावर माती उचलायला जायची, त्यामुळे या कराबद्दल माझ्या मनात राग नाही. राग आहे तो पगाराच्या मर्यादेबद्दल.

पुरुषांना 7,500 पगारापर्यंत पीटी माफ आहे, 10,000 पर्यंत महिन्याला 175 आणि 10,000 च्या वर एक रुपया जरी गेला तरी वर्षाचे पूर्ण 2,500. आता मुंबईत दिवसभर राबून 7,500 घेणारा पुरुष माझ्या मस्टरवर तरी एकही नाही, म्हणजे ही माफी कागदावरच राहिली. आमच्या 14,000 वाल्या हेल्परचे 2,500 जातात आणि महिन्याला तीन लाख घेणाऱ्या मोठ्या साहेबांचेही 2,500 च जातात. हेल्परच्या वर्षाच्या कमाईतला तो जवळजवळ दीड टक्का झाला, साहेबांच्या कमाईत तो दिसतसुद्धा नाही. वरच्याकडून जास्त घेता येत नाही कारण राज्यघटनेच्या कलम 276 मध्येच 2,500 ची कमाल मर्यादा आहे, 1988 पासून तीच, ती बदलायची तर दिल्लीला जावं लागेल. पण खालची मर्यादा मंत्रालयाच्याच हातात आहे ना! तिकडे केंद्राने नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंत इन्कम टॅक्स शून्य केला आणि इथे राज्य 11,000 वाल्याकडूनही दर महिन्याला कापून घेतं, हे मला कुणी समजावून सांगावं.

महिलांसाठी 2023 च्या बजेटमध्ये ही मर्यादा 10,000 वरून 25,000 केली. एप्रिलची स्लिप काढताना आमच्या बायकांच्या पीटीच्या रकान्यात शून्य आलं तेव्हा मला खरंच बरं वाटलं होतं, सरकारने मनावर घेतलं तर एका बजेटमध्ये होतं हे तेव्हा कळलं. पण त्यातही एक खाच आहे. आमच्या एका सुपरवायझर ताईंचा पगार 24,800 वरून 25,100 झाला, वाढ 300 ची, त्यातले 200 पीटीत गेले, आणि फेब्रुवारीत तर सगळी वाढच गेली. त्या मला म्हणाल्या, मॅडम मला 25,000 वरच ठेवा ना. चांगलं काम करून वर आलेल्या बाईला वाढ नको म्हणायची वेळ येते, कारण तिथे पायऱ्या नाहीत, थेट शून्यावरून 2,500.

लाडकी बहीणचंही तसंच, 1,500 रुपये मिळतात पण कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. नवरा-बायको दोघं 11,000-11,000 कमवत असतील तर 2 लाख 64 हजार होतात, म्हणजे नियमाने बाहेर. दोघांनी काम केलं ही त्यांची चूक का?

2022 मध्ये मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला, ती मदतच आहे, पण ती घर असलेल्याला. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पोराला त्यातलं काही मिळालं नाही. 2025 मध्ये बेस्टचं कमीत कमी तिकीट 5 चं 10 झालं ते मात्र त्यालाही लागलं, नुसतं जाऊन-येऊन महिन्याचे 520. आमच्या पॅकिंगमधला एक जण टॅलीच्या क्लाससाठी पैसे जमवतोय, त्याला हेल्परमधून ऑफिसात यायचंय, आणि त्याच्यासाठी 2,500 ही काही किरकोळ रक्कम नाही.

म्हणून अर्थमंत्र्यांना आपल्या पेपरमार्फत विनंती आहे, येत्या मार्चच्या बजेटमध्ये पुरुषांचीही मर्यादा 25,000 करा, आणि त्याच्या वर एकदम 200 न कापता 50, 100, 150 असं चढवत न्या. महसूल बुडेल असं कुणी म्हणेल तर तेच 200 रुपये हा माणूस साबण, चप्पल, मोबाईलच्या रिचार्जवर खर्च करतो आणि त्यावरचा राज्याचा जीएसटी सरकारकडेच येतो. मला सॉफ्टवेअरमध्ये फक्त एक आकडा बदलावा लागेल, 2023 मध्ये बदलला होता तसाच.

एक पगार क्लार्क, साकीनाका, मुंबई