भांड, पण बोलणं सोडू नकोस

शरणपूर रोड, नाशिक

प्रिय मित्रा,

प्रभूच्या नावात सलाम.

फोनवर तुझ्या चर्चला न येण्याचा विषय काढला की तू "जेवलास का?" विचारतोस आणि बोलणं तिथंच संपतं. म्हणून लिहायला बसलोय. परवा काकू, तुझी आई, भेटल्या. म्हणाल्या, "पिंपरीला गेल्यापासून त्यानं तिथली मंडळी, म्हणजे चर्च, शोधलीच नाही. नाताळलाही घरीच होता. जेवणाआधी प्रार्थना करते ती धाकटीच." त्यांचा आवाज कापत होता.

काकांच्या, तुझ्या वडिलांच्या, दफनाच्या दिवशी जे झालं ते मी विसरलेलो नाही. घरात पेटी, बायकांचं रडणं, आणि चर्चच्या कमिटीतला तो माणूस अंगणात उभा राहून वहीतली थकलेली वर्गणी वाचतोय. "आधी एवढं भरा, मग कबरीच्या जागेचं बघू." तू खिशातून नोटा काढून त्याच्या हातावर ठेवल्यास. एक शब्द बोलला नाहीस. आणि काका कोण? आपल्याला शब्बाथशाळेत जेकब वेनराइटची गोष्ट सांगणारे. गुलामगिरीतून सुटलेला आफ्रिकी मुलगा, इथं नाशिकला मिशनच्या शाळेत शिकला, आणि 1873 मध्ये मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टनचं हृदय आफ्रिकेच्या मातीत पुरलं तेव्हा दफनाची उपासना त्यानं वाचली. हे सांगताना काकांचे डोळे भरून यायचे. माणसाला मान देऊन मातीत ठेवावं, हे ज्यांच्याकडून आपण शिकलो त्यांच्याच पेटीपाशी हिशेब निघाला. तुला राग आला नसता तरच नवल होतं.

रागाला मी पाप म्हणत नाही. हात वाळलेला माणूस समोर उभा असताना शब्बाथाचा नियम धरून गप्प बसलेल्यांकडे येशूनं रागानं पाहिलं, असं मार्क आपल्या शुभवर्तमानात लिहितो. पण त्याच ओळीत तो येशूला झालेलं दुःखही सांगतो, आणि लगेच पुढे तो हात बरा होतो.

तुझ्या रागाचं पुढं काय झालं ते मी शेजारी बसून पाहिलंय. दानाची थाळी तोच माणूस फिरवतो म्हणून तू मागच्या बाकावर गेलास. मग प्रभुभोजनाआधी उठून जायला लागलास. "मनात अढी ठेवून भाकर कशी घेऊ?" म्हणालास. मग रविवारची ड्यूटी मागून घेतलीस. आणि त्याच्याही आधी, प्रभूच्या प्रार्थनेत "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" ही ओळ आली की तुझे ओठ मिटायचे. पुढच्या ओळीला आवाज परत यायचा. नंतर तोही येईनासा झाला. "देव नाही" असं तू कधीच म्हणाला नाहीस. वाद घालून तुझा विश्वास कुणी काढून नेला नाही. दर वेळी एकेक पाऊल, आणि दर पावलाला पटेल असं कारण.

अढी ठेवून वेदीपाशी जायचं नाही, हे तुझं खरंच आहे. पण मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू काय म्हणतो ते पूर्ण वाच. अर्पण वेदीपुढं ठेव, निघ, भावाशी समेट कर, आणि परत येऊन अर्पण कर. तू निघालास तेवढंच पाळलंस. अर्पण अजून तिथंच पडलंय.

हल्ली मी बायबलमधल्या काइन आणि योनाच्या गोष्टी एकापाठोपाठ वाचतो. दोघंही संतापलेले, आणि देव दोघांनाही जवळपास एकच प्रश्न विचारतो: का रागावलास? योना फणकारतो, "मरेपर्यंत रागावणं मला शोभतं" म्हणतो. उद्धटच उत्तर, पण देवाच्या तोंडावर दिलेलं, आणि देव त्याच्याशी बोलतच राहतो. काइन त्या प्रश्नाला उत्तरच देत नाही. भावाला घेऊन शेतात जातो, त्याला ठार करतो, आणि अध्याय पुढं सरकतो तसा परमेश्वरासमोरून निघून जातो. मला तुझ्या रागाची भीती नाही रे, तुझ्या गप्प बसण्याची आहे. स्तोत्र 109 काढ. तिथं इतकं कडू बोललंय की मंडळीत मोठ्यानं वाचायला संकोच वाटतो, तरी ती प्रार्थनाच आहे. त्या माणसाचं नाव घेऊन देवाला ऐकव.

क्षमा कर म्हणजे झालं ते ठीक होतं असं म्हण, असा अर्थ माझ्या मनातही नाही. तुझा अपराध केला असेल त्या भावाकडे जा, एकान्तात त्याचा अपराध त्याला दाखव, हा मत्तय 18 मधला प्रभूचाच मार्ग आहे. त्या माणसाला आजवर कुणी तोंडावर सांगितलेलं नाही. आपण सांगू. दारात मयत असताना वर्गणी मागायची नाही, असा ठराव वार्षिक सभेत मांडायचा माझा विचार आहे. अर्ज लिहून ठेवलाय. खाली तुझी सही हवी, काकांचा मुलगा म्हणून.

शनिवारी रात्रीपर्यंत पोहोच. त्याच्या घरी मी बरोबर येईन. तू बोल, मी शेजारी बसेन. तो माफी मागेल की नाही, मला माहीत नाही. वहिनींना आणि मुलींनाही आण. काकूंना सांगू का, तू येतोयस म्हणून?

तुझाच