मंत्रिमहोदय, तंबूआधी संडास पाहा

मा. पर्यटनमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागे एका निसर्गशिबिराला गेलो होतो. जाहिरातीत ‘सर्वांसाठी खुले’ असं छापलं होतं, म्हणून व्हीलचेअर घेऊन निघालो. तंबू ऐसपैस, माणसं प्रेमळ. मला उचलायला चौघं धावले. पण संडासाचं दार इतकं अरुंद की खुर्ची उंबऱ्यातच अडली. मग दोन दिवस घोटघोट पाण्यावर काढले. व्हीलचेअरवरच्या कुणालाही विचारा, ही युक्ती सगळ्यांना ठाऊक असते. लघवीच्या संसर्गाला हेच निमित्त होतं, तेही ठाऊक असतं.

म्हणून विनंती अशी की, शिबिरस्थळाची पाहणी संडासापासून सुरू व्हावी. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर, आत खुर्ची वळवायला दीड मीटर जागा, रॅम्पचा उतार एकास बारा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. यात नवं काही नाही, कुठलाही वास्तुविशारद सांगेल. वाटेवर खडी मात्र नको, पुढची छोटी चाकं त्यात रुततात. चोपून घट्ट केलेली माती चालते.

आणि रॅम्प बांधला की संपलं, असंही नाही. त्याच शिबिरात एक कर्णबधिर मुलगी होती. दिवसभर सगळ्यांच्या पुढे. रात्री शेकोटी पेटली, दिवे मालवले, गप्पा रंगल्या आणि ती गप्प झाली. अंधारात ना ओठ दिसत, ना हातांच्या खुणा. शेवटी कुणीतरी बोलणाऱ्याच्या तोंडावर बॅटरी धरली. तेवढ्यानं ती पुन्हा हसायला लागली. स्वमग्न मुलांना दिवसाचा कार्यक्रम आधी चित्रांत दाखवला, गोंगाटापासून लांब एक तंबू राखला, तर तीही रमतात.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातलं कलम ३० विरंगुळा, खेळ आणि पर्यटनाबद्दलच आहे. त्यात ‘इतरांच्या बरोबरीनं’ असं म्हटलंय. तेव्हा कृपया आमच्यासाठी वर्षातून एकदा ‘विशेष शिबिर’ भरवून, हार घालून फोटो काढू नका. (ज्यांना वेगळं शिबिर हवंय त्यांना ते जरूर मिळावं.) मला माझ्या भाचीबरोबर जायचंय, ती जाते त्याच शिबिराला. सोबतच्या मदतनिसाकडून मात्र दुसऱ्या शिबिरार्थीचे पैसे घेऊ नयेत. तो मौज करायला आलेला नसतो.

शिबिरांना परवानगी देण्याआधी तपासणी होत असेल, तर त्या पथकात आमच्यापैकी एकाला घ्या. मला बोलावलंत तर मी येईन. त्या दिवशी घरून भरपूर पाणी पिऊन येईन.

आपला,
एक शिबिरार्थी