‘सांगता येत नाही’ हे बटण कुठे आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मोबाइलमधला एआय धडधडीत चुकीचं सांगतो आणि वर ते ठासून सांगतो, अशी तक्रार आपल्या एका वाचकाने मागच्या आठवड्यात केली होती. त्यांचा राग मला पटतो. पण ही सवय त्याला लागली कुठून, याबद्दल मला लिहायचं आहे. माझी नोकरी कापसाच्या प्रतवारीत गेली. कॉम्प्युटरचं शिक्षण मी घेतलेलं नाही. पण न कळलेल्या मालावर शिक्का मारायला माणूस कसा शिकतो, ते मी फार जवळून पाहिलं आहे.

माझी सून बी.एस्सी. आहे. घरचं आवरलं की दुपारी दोन-तीन तास ती मोबाइलवर, एआयला शिकवण्यासाठी, फोटोंना खुणा करायचं काम करते. दिवाळीनंतरची गोष्ट. ओट्यावर येऊन तिने फोन माझ्यापुढे धरला. ‘बाबा, हे काय आहे सांगा बरं?’ कपाशीचं एकच पान, कडा लालसर, देठाकडे अजून हिरवं. खाली दोन बटणं: ‘लाल्या’ आणि ‘तुडतुडे’. मी म्हटलं, ‘पान उलटं केल्याशिवाय कसं सांगू?’ ती म्हणाली, ‘फोटो उलटा होत नाही, बाबा.’

शेतकऱ्याला हे समजावायला नको, पण शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. तुडतुडे पानातला रस शोषतात. पानाच्या कडा आधी पिवळ्या पडतात, मग लाल होतात आणि खाली वळतात. लाल्या ही कीड नव्हे. बोंडं भरायच्या वेळी झाडाला मॅग्नेशियम आणि नत्र कमी पडलं, रात्री गारठा वाढला, की पान लाल होतं. वरून पाहिलं तर जाणताही फसतो. खरं उत्तर पानाच्या पाठीवर असतं. तिथे हिरवट, पाचरीसारखे बारीक किडे दिसले आणि बोट लागताच तिरपे पळाले, तर तुडतुडे. तो फोटो पानाच्या वरच्या बाजूचा होता.

‘मग सोडून दे ना हा फोटो.’ सोडता येतो, ती म्हणाली, पण सोडला की त्याचे पैसे नाहीत, आणि जास्त सोडले की पुढे कामच कमी येतं. शिवाय तोच फोटो आणखी चार जणांकडे गेलेला असतो. त्यांच्याशी उत्तर जुळलं तर गुण वाढतात, नाही जुळलं तर घटतात. म्हणजे तिला पानाकडे बघायचंच नाही. कधी न पाहिलेल्या चार माणसांच्या मनात काय आलं असेल त्याचा अंदाज बांधायचा आहे. आणि ते चौघंही तेच करत असणार. तिने ‘तुडतुडे’ दाबलं आणि पुढचा फोटो आला. तीन सेकंदसुद्धा लागले नाहीत.

असे लाखो शिक्के गोळा होतात आणि त्यावर मशीन शिकतं. त्या सगळ्या ढिगात ‘सांगता येत नाही’ असा एकही शिक्का नाही. मग मशीनने ते शब्द शिकायचे कुठून?

सुनेला मी बोललो नाही, कारण मला 1983 चा हंगाम आठवला. सातपुड्याच्या पायथ्याशी एका खरेदी केंद्रावर मी नवा होतो. गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ओढायचा, लांबी बघायची, कचरा किती, कवडी म्हणजे किडका, पिवळट कापूस किती, ओल किती, आणि प्रत बोलायची. पहिल्याच दिवशी वरच्या माणसाने बजावलं होतं की गाडीवानासमोर ‘कळत नाही’ म्हणायचं नाही. ग्रेडरचा हात थांबला की रांग गलका करते. संध्याकाळ झाली, पिवळे बल्ब लागले. वरच्या पाड्यावरचा एक पावरा शेतकरी गाडी घेऊन पुढे आला. कापूस मला पिवळसर वाटला. ही कवडी की बल्बचा उजेड, खरंच कळेना. मी प्रत खाली लावली. मापाड्याने ओढलं, काटा झाला. त्याने पावतीवर अंगठा उठवला आणि काही न बोलता बैल वळवले. सकाळी उन्हात तोच ढीग पाहिला, तर पांढरा शुभ्र होता.

त्या केंद्रावर एक जुने ग्रेडर होते. शंका आली की ते गाडी बाजूला घ्यायला लावत आणि म्हणत, ‘उद्या उन्हात बघू.’ त्यांच्या हाताखाली दिवसाला गाड्या कमी निघत, म्हणून वरचे लोक त्यांच्यावर कायम नाराज. बढती मिळाली ती पटापट हात चालवणाऱ्यांना. मलाही मिळाली. आम्ही नवे लोक त्यातून काय शिकलो ते वेगळं सांगायला नको. पाटीवर लिहिलेले प्रतवारीचे नियम आम्ही शिकलोच नाही. कोणाला शाबासकी मिळते आणि कोणाला बोलणी बसतात, एवढंच शिकलो.

एआयचंही नेमकं हेच होतं, आणि हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयच्या संशोधकांनी सप्टेंबर 2025 मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. मशीन मनचं का रचतं, याचं एक मोठं कारण त्यात दिलं आहे: त्याच्या परीक्षाच अशा असतात की ठोकून दिलेलं उत्तर बरोबर निघालं तर गुण, ‘माहीत नाही’ म्हटलं तर शून्य. चुकीबद्दल गुण कापत नाहीत. आपल्या मुलांना पर्यायी प्रश्नांच्या पेपरला आपण काय सांगतो? ‘काहीतरी गोल काळा कर, कोरा सोडू नको.’ मशीनने तोच पोर होऊन तोच पेपर सोडवला.

पसंतीचंही तसंच. 2022 मध्ये याच कंपनीने आपल्या मॉडेलला बोलायचं वळण लावलं, तेव्हा सुमारे 40 कंत्राटी माणसांकडून नमुन्याची उत्तरं लिहून घेतली, आणि मॉडेलच्या उत्तरांत कुठलं जास्त चांगलं ते ठरवून घेतलं. आता तर आपणच अंगठा वर किंवा खाली दाबतो. एप्रिल 2025 मध्ये चॅटजीपीटीची एक नवी आवृत्ती इतकी हांजी हांजी करू लागली की कंपनीला ती काही दिवसांत मागे घ्यावी लागली. कारणं सांगताना त्यांनी लोकांच्या अंगठ्यांचाही उल्लेख केला. माणसाला गोड बोललेलं आवडतं, तो तिथे अंगठा वर करतो, आणि मशीन समजतं की हेच चांगलं काम. त्याआधी 2016 च्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने टे नावाचा बोलका प्रोग्रॅम ट्विटरवर सोडला होता. लोकांनी त्याला इतकं घाणेरडं बोलायला लावलं की एका दिवसाच्या आत तो बंद करावा लागला. त्यात निदान चूक उघड दिसली. गोडबोलेपणा आणि ठासून सांगणं पटकन दिसत नाही, म्हणून मला त्याची जास्त भीती वाटते.

आणि हे शिक्के मारणारे हात कोणाचे? संगणकशास्त्रज्ञ फेई-फेई ली यांच्या पुढाकाराने 2009 मध्ये इमेजनेट हा चित्रांचा संग्रह जगापुढे आला. पुढे त्यात 1.4 कोटींवर चित्रं जमली. त्यांना नावं देण्याचं काम 167 देशांतल्या सुमारे 49 हजार लोकांनी ऑनलाइन, तुकड्या-तुकड्यांनी केलं. मशीनने चित्रं ओळखण्यात पुढे जी झेप घेतली, ती याच संग्रहाच्या जोरावर. आमच्या ओट्यावर बसणारी सून त्याच रांगेत आहे. तिचं नाव कुठे नाही, पण तिचा अंदाज मशीनच्या पोटात जाऊन बसला आहे.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण म्हणजे राज्य मंत्रिमंडळाने जून 2025 मध्ये शेतीत एआय आणण्याचं महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं आणि पहिल्या तीन वर्षांसाठी 500 कोटींची तरतूद ठेवली. शेतकऱ्याने पानाचा फोटो काढायचा आणि फोनने रोग सांगायचा, हे आता घरोघर होणार. चांगलीच गोष्ट आहे, माझा विरोध नाही. पण फोनने लाल्याला तुडतुडे म्हटलं, तर जिथे मॅग्नेशियम सल्फेट द्यायचं तिथे माणूस कीटकनाशक मारेल. पैसा जाईल, पान लालच राहील, आणि अंगावर विष येईल ते वेगळं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर दगावले. एका बटणाची ढिलाई म्हणून हे सोडून देता येणार नाही.

आपल्या बोलीचंही इथेच सांगतो. 2011 च्या जनगणनेत 18 लाखांवर लोकांची भाषा खान्देशी नोंदली आहे, आणि त्यात बहुतेक अहिराणी. पण राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांत ती नाही, आणि मशीनकडून भाषांतर करून घेण्याचा सरकारचा भाषिणी प्रकल्प 2022 मध्ये सुरू झाला तो त्या 22 भाषा धरून. हे सरकारचं झालं. आपलं काय? आमच्या घरात चुलीपासून वावरापर्यंत अहिराणी चालते, पण फोन हातात आला की माझी बायको पुण्याच्या बाईसारखं बोलायला बघते. लाज वाटते म्हणते. एकदा मीच आग्रह केला, तिने अहिराणीत कपाशीचं विचारलं. मशीनने ‘समजलं नाही’ असं एकदाही म्हटलं नाही, भलत्याच पिकाचं उत्तर झोकात दिलं. ती हसली नाही. ‘याले माहीत नई ते सांगाले काय व्हतं?’ एवढंच म्हणाली. मशीनच्या कानावर आपली बोली आपणच पडू दिली नाही, तर ते अंदाजच मारणार.

माझं मागणं फार मोठं नाही. सरकारी पैशातून पिकांचे फोटो गोळा होतील, तिथे प्रत्येक पानाची पाठही टिपली जावी. खुणा करणाऱ्याच्या पडद्यावर ‘सांगता येत नाही’ हे तिसरं बटण असावं, आणि ते दाबणाऱ्याचे पैसे कापू नयेत, गुणही कापू नयेत. असे बाजूला निघालेले फोटो पालच्या किंवा ममुराबादच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या, धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातल्या जाणत्या माणसांकडे जावेत. त्यांनाही कळलं नाही, तर तसंच लिहून मशीनला द्यावं. जळगावच्या विद्यापीठाने गावोगावच्या बायाबापड्यांची शेतीची अहिराणी त्यांच्या परवानगीने टिपून ठेवावी. आणि आपण वाचकांनी अंगठा वर करताना उत्तर खरं आहे की नुसतं गोड, एवढं बघावं. मशीनने कधी ‘मला खात्री नाही’ म्हटलं, तर त्यावर चिडून अंगठा खाली करू नये.

मागच्या रविवारी मी आमच्या वावरातून लाल पडलेली वीस पानं आणली. सुनेने प्रत्येकाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले, सकाळच्या उन्हात. अकरा पानांवर मी ‘लाल्या’ लिहून दिलं, पाचांवर ‘तुडतुडे’. उरलेल्या चारांचं मला सांगता आलं नाही, ती वेगळ्या पाकिटात ठेवली आहेत. कोणा संशोधकाला हवी असतील, तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावं; मी स्वतः पोचवीन.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त कापूस ग्रेडर
ता. अमळनेर, जि. जळगाव